चेक मोठी की उझबेक?

मंडळी, आजचं लिखाण भांडणाचं आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे ज्यांना रविवारी सकाळी चहाबरोबर काहीतरी गोडगोड वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडे वळावं. नातेवाईकांनी मात्र वळू नये. हे मुख्यतः तुमच्यासाठीच आहे.

भांडणाचं कारण साधं. माझी भाची समरकंदला डॉक्टरकी शिकतेय. वर्गातलं शिकणं इंग्रजीतून, पण वॉर्डातल्या खाटेवरचा माणूस काही इंग्रजीत कण्हत नाही. म्हणून ती उझबेक शिकतेय, आणि चांगली मन लावून शिकतेय. घरातला सूर असा की पोरगी वेळ वाया घालवतेय. 'परीक्षेला लागत नाही, इथे परत आल्यावर कोण बोलणार उझबेक?' मी नोकरीनिमित्त तीन वर्षं ब्रनोला होते आणि तिथे चेक शिकले, तेव्हा याच घरात पेढे वाटायचे बाकी होते. चेकसुद्धा इथे परत आल्यावर कुणी बोलत नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. धाकट्या काकांनी तर परवा आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालपत्रच वाचून दाखवलं. चेक ही विकसित भाषा, चेक ही शुद्ध भाषा, आणि चेक ही आपल्याच कुळातली भाषा. उझबेक म्हणजे तुर्की, फारसी आणि रशियन यांची भेळ.

काका, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे. तर तुमची तीनही विधानं एकेक करून घेऊ या. शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण तेच अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलं विधान पूर्ण खोट्यापेक्षा जास्त त्रास देतं.

चेक आपल्या कुळातली आहे, मान्य. चेकमध्ये लांडग्याला 'व्ल्क' म्हणतात. उच्चारून बघा, मधे स्वरच नाही. आणि संस्कृतात लांडगा म्हणजे 'वृक'. त्यातल्या 'ऋ'चं जे काम तेच 'व्ल्क'मधल्या 'ल'चं. आकाशाला 'नेबे', आपलं नभ. विस्तवाला 'ओहेन्य', आपला अग्नी. शंभराला 'स्तो', आपलं शत. जिवंत म्हणजे 'झिवी'. व्याकरणातही तोच तोंडवळा. सात विभक्ती आहेत, त्यातली एक हाक मारायची. लिंगं तीन, मराठीसारखीच. भूतकाळ तर ऐकतच राहावा: 'बिल, बिला, बिलो', म्हणजे होता, होती, होतं. मी चेकमध्ये 'मी होते' म्हटलं की मी बाई आहे हे क्रियापदावरून कळतं, अगदी मराठीसारखं.

धातूंना उपसर्ग लावायची हौससुद्धा आपल्या आजीचीच. आपल्याकडे आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. तिकडे 'प्सात' म्हणजे लिहिणे. 'नाप्सात' म्हणजे लिहून पुरं करणे, 'प्र्झेप्सात' म्हणजे पुन्हा लिहिणे, 'पोदेप्सात' म्हणजे सही करणे, 'पोप्सात' म्हणजे वर्णन करणे, 'ओदेप्सात' म्हणजे उत्तर लिहिणे, आणि डॉक्टरने औषध लिहून देणे म्हणजे 'प्र्झेदेप्सात'. एकदा ही चावी हाती लागली की संस्कृत शिकलेल्या माणसाला चेक शब्दकोश ओळखीचा वाटायला लागतो.

(इथे एक सावधगिरी. 'गेला, केला'मधला आपला 'ल' आणि चेक भूतकाळातला 'ल' सारखे दिसतात म्हणून लगेच पुस्तक लिहायला बसू नका. मराठीतला 'ल' प्राकृतातल्या प्रत्ययातून आलेला आहे, स्लाव भाषांचा वेगळ्या वाटेने. चेहरा सारखा दिसला म्हणून प्रत्येक जण चुलतभाऊ नसतो.)

इथपर्यंत काका जिंकले. आता उझबेकची एक ओळ घ्या: 'मेन बॉझॉरदान नॉन ऑल्दिम.' मी बाजारातून नान घेतला. मी, बाजार, तून, नान, घेतला. शब्दाखाली शब्द ठेवा, एकाचीही जागा हलत नाही. हेच चेकमध्ये सांगायचं तर शब्द वेगळ्या क्रमाने लावायला लागतात आणि 'तून'चं काम शब्दाच्या आधी येणारं अव्यय करतं. उझबेकमध्ये सगळं मागून चिकटतं, आपल्यासारखं. 'कितॉबलारिमिझदान' हा एकच शब्द: किताब, त्याचं अनेकवचन, 'आमच्या', आणि मागे 'तून'. आमच्या पुस्तकांतून.

हे नुसतं क्रमापुरतं असतं तर मी एवढी भांडले नसते. पण पुढे बघा. 'योझिब बेर्मॉक' म्हणजे शब्दशः लिहून देणे. 'योझिब ऑल्मॉक' म्हणजे लिहून घेणे. 'योझिब कोय्मॉक' म्हणजे लिहून ठेवणे. 'ओकिब कोर्मॉक' म्हणजे वाचून बघणे. 'इचिब ताश्लामॉक' म्हणजे पिऊन टाकणे. 'कुतिब ओतिर्मॉक' म्हणजे वाट बघत बसणे. देणे, घेणे, ठेवणे, बघणे, टाकणे, बसणे! चेक माणसाला 'वाट बघत बसले' यातलं बसणं समजावून सांगताना मला पंधरा मिनिटं लागली होती. त्याला वाटलं खुर्चीबद्दल काहीतरी चाललंय. उझबेक माणसाला यातलं काही समजवावंच लागत नाही, तोही आयुष्यभर तसाच वाट बघत बसलेला असतो.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द: 'देब'. 'म्हणणे' या क्रियापदाचं रूप, अर्थ 'म्हणून'. 'सेन केलासान देब कुत्दिम', तू येशील म्हणून वाट बघितली. आपण 'म्हणून' हा शब्द कारण सांगायला, हेतू सांगायला, दुसऱ्याचं बोलणं पोचवायला वापरतो. उझबेक 'देब' नेमकी हीच कामं करतो. दोन्ही भाषांनी 'बोलणं' या क्रियेतून 'कारण' तयार केलं.

आता या दोन भाषांचं रक्ताचं नातं काय? शून्य. उझबेक तुर्की कुळातली, मराठी इंडो-आर्य. मग हे साम्य आलं कुठून? कॉलिन मासिका नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली दक्षिण आशियाला एक भाषिक क्षेत्र मानून असली वैशिष्ट्यं नकाशावर मांडली. क्रियापद शेवटी, मागे चिकटणारे शब्द, जोडक्रियापदं वगैरे. तेव्हा दिसलं की यातली कित्येक वैशिष्ट्यं भारताच्या सीमेवर थांबतच नाहीत, मध्य आशियात पुढे चालत जातात. भाषा आईकडून मिळते तशी शेजाऱ्याकडूनही मिळते. म्हणजे कुळाने चेक आपली, आणि वळणाने उझबेक. चाळीत वाढलेल्या माणसाला हे जास्त सांगायला नको. सख्खा चुलतभाऊ वर्षातून एकदा लग्नात भेटतो, पण आपल्या बोलण्याची ढब शेजारच्या खोलीतल्या माणसासारखी होते.

नातेवाइकांनो, नात्यांवरून आठवलं. काका, मामा, आत्या, मावशी यांना उझबेकमध्ये चार वेगळे शब्द आहेत: 'अमाकी', 'तोगा', 'अम्मा', 'खॉला'. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला 'आका' म्हणजे दादा आणि बाईला 'ओपा' म्हणजे ताई म्हणतात. चेकमध्ये पूर्वी काका आणि मामा यांना 'स्त्रीत्स' आणि 'उयेत्स' असे वेगळे शब्द होते, पण दुसरा केव्हाच जुना झाला. आता काका काय नि मामा काय, दोघेही 'स्त्रीत्स'. तेव्हा काका, तुम्हाला मामांपासून वेगळं ओळखणारी भाषा यातली कोणती, ते तुम्हीच ठरवा. :)

आता दुसरं विधान, शुद्ध चेक आणि भेसळीची उझबेक.

उझबेकमध्ये फारसी-अरबी शब्द भरपूर आहेत यात शंका नाही. पण ती यादी मराठी माणसाने जरा मोठ्याने वाचावी. कॉरखॉना, दार्वॉझा, मैदॉन, तारॉझी, हिसॉब, जावॉब, तैयॉर, शाहार, मुराब्बॉ. कारखाना, दरवाजा, मैदान, तराजू, हिशेब, जबाब, तयार, शहर, मुरांबा. कवीला तिकडे 'शॉइर' म्हणतात, आपण त्यालाच डफ देऊन शाहीर केलं. 'दाफ्तार' म्हणजे वही, आपल्याकडे ती ठेवायचं दप्तर. 'तारिख' म्हणजे इतिहास, आपल्याकडे फक्त कॅलेंडरवरचा एक दिवस. 'ताक्लिफ' म्हणजे आमंत्रण किंवा प्रस्ताव, आणि आपल्याकडे त्याच शब्दाचा अर्थ त्रास! लग्नाच्या आमंत्रणांचा मोसम आठवला तर आपलाच अर्थ जास्त अनुभवाचा वाटतो. इंग्रजी 'ऑफिस'साठी आपण ज्या 'ऑ'वर चंद्र चढवला तो उझबेकांच्या घरचाच आहे, फारसीतला 'आ' तिथे गेला की 'ऑ' होतो.

आणि भेसळ म्हणणाऱ्यांनी आपलंही ताट बघावं. अर्ज, वकील, जमीन, तालुका, जिल्हा, सरकार हे सोडाच, आपली 'शिवाय', 'बद्दल', 'खेरीज' ही शब्दयोगी अव्ययंसुद्धा फारसी-अरबीतून आलेली आहेत. नामं उधार घेणं वेगळं, अव्ययं उधार घेणं म्हणजे थेट स्वयंपाकघरात प्रवेश. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि तो त्यांच्या काळात आवश्यकच होता. राज्य चालवायला आपले शब्द हवेत, हा त्यामागचा विचार. पण त्या कोशाचा आधार घेऊन उझबेक बाईच्या तोंडच्या 'बॉझॉर' शब्दाला हलकं म्हणणं हा कुठला न्याय?

बरं, चेक तरी किती सोवळी? 'क्नेद्लीक' जर्मन, 'ताश्का' म्हणजे पिशवी जर्मन, 'शुन्का' जर्मन, 'फ्लाश्का' म्हणजे बाटली जर्मन. चेक लोकांचा बटाटा 'ब्रांबोर' हा ब्रांडेनबुर्गच्या नावावरून आलेला. रोजच्या बोलण्यातलं 'फुर्त', म्हणजे सारखं, सतत, तेही जर्मन. एकोणिसाव्या शतकात चेक भाषेच्या कैवाऱ्यांनी जर्मन शब्द निगुतीने बाहेर काढले हे खरं. पण जागा भरायला काय आणलं? हवेला 'व्झ्दुख' आणि निसर्गाला 'प्र्झिरोदा' हे शब्द रशियनमधून घेतले! म्हणजे सोवळं नेसलं, पण ते शेजाऱ्याच्या दोरीवरचं.

साखरेचं उदाहरण देऊन हा मुद्दा संपवते. चेक 'त्सुक्र' हा जर्मनमधून, जर्मनमध्ये इटालियनमधून, इटालियनमध्ये अरबीतून, अरबीत फारसीतून, आणि फारसीत आपल्या 'शर्करे'वरून. उझबेक 'शाकार' तर फारसीतून सरळच आला. शुद्ध भाषेच्या चहात नेमकी कोणती साखर घालायची ते शुद्धतावाद्यांनी ठरवून कळवावं. 'चाय' हा शब्दही चिनी आहे, तेव्हा चहा न घेतलेलाच बरा.

राहिलं पहिलं विधान. विकसित आणि अविकसित. यावर मात्र मला थट्टा करवत नाही.

चेक भाषेत आज सगळं होतं. वैद्यकी शिकता येते, भौतिकशास्त्र शिकता येतं, १९८४ साली कवी यारोस्लाव साइफर्टला नोबेल मिळालं, आणि सगळ्या जगाने वापरलेला 'रोबो' हा शब्द कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून आला, तोही त्याच्या भावाने सुचवलेला. बोलणारे किती? एक कोटीच्या आसपास. उझबेक बोलणारे याच्या तिप्पट तरी आहेत. मग चेकमध्ये असं काय आहे जे उझबेकमध्ये नाही? व्याकरणात शोधू नका, सापडणार नाही. इतिहासात शोधा.

१६२० साली व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमिया हरला आणि पुढची दीडशे वर्षं चेक हळूहळू शेतकऱ्यांची आणि मोलकरणींची बोली होऊन बसली. शिकलेला माणूस जर्मन बोलायचा. योसेफ दोब्रोव्स्की या थोर विद्वानाने चेकचं मोठं व्याकरण १८०९ साली प्रसिद्ध केलं, ते जर्मनमध्ये लिहून. ही भाषा पुन्हा उच्च साहित्याची होईल याची त्याला स्वतःलाही फारशी खात्री नव्हती. त्या वेळी प्रागमधल्या एखाद्या काकांनी नक्की म्हटलं असणार, 'चेक शिकून काय करणार?' योसेफ युंगमान मात्र हटला नाही. १८११ साली मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' चेकमध्ये आणलं, आणि १८३५ ते १८३९ या काळात पाच खंडांचा चेक-जर्मन कोश काढला. प्रागच्या विद्यापीठाचा चेक भाग वेगळा झाला तो १८८२ साली. राष्ट्रीय रंगभूमी लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली, १८८१ साली उघडली, जळली, आणि १८८३ साली पुन्हा उघडली. म्हणजे ज्या भाषेला आज काका 'मुळातच विकसित' म्हणतात, ती दोनशे वर्षांपूर्वी मरायला टेकली होती. शाळा, कोश, नाटक, विद्यापीठ यांनी तिला उभं केलं.

आता उझबेककडे बघा. १४९९ साली, म्हणजे युंगमानच्या तीनशे वर्षं आधी, हेरातमध्ये अलीशेर नवाईने 'मुहाकमतुल लुगतैन' नावाचा ग्रंथ लिहिला. अर्थ: दोन भाषांचा निवाडा. तुर्की आणि फारसी यांत श्रेष्ठ कोण? त्याने शंभर तुर्की क्रियापदं मांडली आणि फारसीत यांना जोड दाखवा म्हणून आव्हान दिलं. (ज्या भाषेला तो 'तुर्की' म्हणत होता आणि जिला अभ्यासक चगताई म्हणतात, तिची आजची वारस उझबेक.) गंमत म्हणजे हा तुर्कीचा वकील स्वतः 'फानी' या नावाने फारसीत कविता करायचा. त्याला स्वतःची भाषा मोठी वाटायला दुसरी विसरावी लागली नाही. फरगणा खोऱ्यातल्या अंदिजानचा बाबर पुढे हिंदुस्थानात आला तेव्हा आपली रोजनिशी त्याने याच भाषेत ठेवली. ही म्हणे अविकसित!

मग झालं काय? विसाव्या शतकात या भाषेच्या अंगावरून तीन लिप्या गेल्या. आधी अरबी लिपी होती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ती काढून लॅटिन आणली. १९४० साली लॅटिन काढून सिरिलिक आणली. १९९३ साली पुन्हा लॅटिनचा कायदा झाला, १९९५ साली त्या लॅटिनमध्येही बदल केले, आणि आजही दोन्ही लिप्या शेजारी शेजारी चालतात. एकाच घरात पणजोबांची पत्रं आजोबांना वाचता येत नाहीत आणि आजोबांची पुस्तकं वाचताना नातू अडखळतो. मोडीतले कागद ट्रंकेत ठेवून नुसते बघत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दुःख समजायला हवं. आपल्याला ते एकदा सोसावं लागलं, त्यांना पुन्हा पुन्हा. याउलट चेक अक्षरांवरच्या ज्या खुणा मी ब्रनोत शिकले, त्यांची कल्पना पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला यान हुसच्या नावावर असलेल्या ग्रंथात मांडली गेली. सहाशे वर्षांत त्या खुणांचा आकार बदलला, कल्पना तीच राहिली.

लिपीबरोबर माणसंही गेली. आधुनिक उझबेक गद्य ज्याने उभं केलं तो कादंबरीकार अब्दुल्ला कादिरी, कवी चोल्पान, आणि भाषेचा अभ्यासक व नाटककार फितरत या तिघांना ४ ऑक्टोबर १९३८ रोजी ताश्कंदमध्ये गोळ्या घालून मारलं. एकाच दिवशी. मराठीत अशी कल्पना करून बघा. मला तरी करवत नाही. चेकनेही सोसलं. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली, ती १९४५ साली उघडली. पण उघडली तेव्हा लिपी तीच होती, कोश तेच होते, आणि वाचायला येणारी पिढी तीच होती. उझबेकला राज्यभाषेचा दर्जा मिळायला २१ ऑक्टोबर १९८९ उजाडावं लागलं. तोवर वरच्या दर्जाचं विज्ञान, मोठ्या नोकऱ्या, सगळं रशियनमध्ये.

म्हणून मला 'विकसित भाषा' या शब्दाचाच राग आहे. कुठल्याही भाषेचं व्याकरण अविकसित नसतं. शाळा असतात किंवा नसतात, छापखाने असतात किंवा नसतात, लेखक जिवंत ठेवले जातात किंवा मारले जातात. आपण देशाचं दरडोई उत्पन्न बघतो, पासपोर्टचा रंग बघतो, आणि तो रंग भाषेला फासतो. उद्या उझबेकिस्तान श्रीमंत झाला तर हेच लोक 'काय नादमधुर भाषा!' म्हणत क्लास लावतील. बाटाचे बूट आणि जावा मोटरसायकल चेक होत्या हे आपल्याला माहीतही नव्हतं, आणि ताश्कंद म्हटलं की आपलं ज्ञान जानेवारी १९६६पाशी, शास्त्रीजींच्या मृत्यूपाशी थांबतं. एवढ्या भांडवलावर आपण निवाडे देतो.

एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 'हे सगळं ठीक, पण आयुष्याचे तास मोजके असतात. उपयोग बघायला नको?' बघा की! उपयोगच बघू. उझबेकमध्ये भूतकाळाचे दोन प्रकार रोज लागतात. 'केल्दी' म्हणजे आला, मी पाहिलं. 'केलिब्दी' म्हणजे आला म्हणे, किंवा आलेला दिसतोय, मी पाहिलं नाही. आपल्या 'म्हणे'चं काम तिथे क्रियापदाचा प्रत्यय करतो. आता एक आई आजारी पोराला घेऊन आलीय. ती 'कुस्दी' म्हणाली तर तिने पोराला उलटी करताना पाहिलंय. 'कुसिब्दी' म्हणाली तर तिला मागाहून कळलंय, सासूने सांगितलं असेल किंवा अंथरूण खराब दिसलं असेल. इंग्रजी भाषांतरात दोन्हींचं एकच वाक्य होतं. डॉक्टरने पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा, आईला की आजीला, हे त्या एका प्रत्ययात दडलेलं आहे. समरकंदमध्ये कितीतरी घरांत ताजिक बोलतात, म्हणजे पोरीला अजून एक भाषा कानावर घ्यावी लागणार, ते वेगळंच. पण उपयोगाचं विचारत असाल, तर पेशंटला कुठे दुखतंय हे त्याच्या शब्दांत समजणं याहून मोठा उपयोग डॉक्टरला कोणता?

आणि आता शेवटचं, जे खरं तर मला पहिल्यापासून म्हणायचं होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या ग्रुपवर पन्नास तरी फुलं आणि फटाके पडले. चांगलं झालं, मलाही आनंद झाला. पण २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या या भाषेबद्दल आपल्या घरात काय बोललं जातं? 'मराठी माध्यमात घालून काय करणार?' 'मराठीत विज्ञान कसं शिकणार?' शब्द ओळखीचे वाटतात ना? उझबेकला लावलेली फूटपट्टी तीच आहे. जो माणूस उपयोग आणि पासपोर्ट बघून भाषांची उतरंड लावतो, त्याच्या उतरंडीत मराठीचं मडकं कुठे बसणार आहे, हे त्याने आधी बघावं. दुसऱ्याच्या भाषेला भेळ म्हणणाऱ्याला स्वतःच्या भाषेसाठी मान मागायचा हक्क उरत नाही.

चेक माणसाने हे दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं. चेक मोठी आहे की जर्मन, हे ठरेपर्यंत तो थांबून राहिला नाही. त्याने कोश लिहिला, नाटकाला वर्गणी दिली, मुलांना शाळेत घातलं. उझबेक माणसाला ते करू दिलं गेलं नाही, तरी त्याने भाषा घरात, बाजारात आणि गाण्यांत राखली. या दोघांत निवाडा कसला करायचा? मी तरी करणार नाही. दोघांकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि आपण दोघांपेक्षाही बऱ्या परिस्थितीत असून काय करतोय, हा प्रश्न जास्त अवघड आहे.

तेव्हा काका, आत्या, वहिनी आणि समस्त मंडळी, पोरीला पुढचा फोन कराल तेव्हा 'उपयोग काय' हे विचारू नका. 'आज नवीन काय शिकलीस' असं विचारा. ती दहा शब्द सांगेल, त्यातले चार तुम्हाला आधीच येत असतील.

तूर्तास इतकंच. भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं, फक्त उदाहरणं घेऊन यावं.